मागे चालू असलेलं

पंख्याचा आवाज वाढला, एवढंच झालं. डिसेंबरातली दुपार होती, बाहेर आमच्याकडचा नेहमीचा बारीक पाऊस चालू होता, फ्रौके गायनाच्या तालमीला गेली होती आणि मी स्वयंपाकघरात बसून सुऱ्यांना धार लावत होतो. आमचा कॉम्प्युटर जिन्याखालच्या कोनाड्यात असतो. त्याला सकाळपासून कोणी हात लावला नव्हता. तरी त्याचा पंखा मध्येच जोरात फिरायला लागला, थोडा वेळ फिरला आणि पुन्हा मंद झाला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. दुसऱ्या कोणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण मी जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत आलो आहे. शेजारच्या घरातल्या फ्रिजचा सूर उतरला तरी मला समजतं, आणि समजून उपयोग काहीच नसतो. मी सुरी खाली ठेवून ऐकत राहिलो. पंखा पुन्हा वाढला. कोणी वापरत नसताना हे यंत्र कुणासाठी राबतंय, हा विचार आला आणि तो काही केल्या जाईना.

जाणार कसा? फ्रौके या घरात विजेचा एक थेंब सांडू देत नाही. मी खोलीतून बाहेर पडलो की माझ्या मागे येऊन दिवा बंद करते. हिवाळ्यात घर एवढं गार ठेवते की मी याच देशाच्या दक्षिणेकडचा माणूस स्वेटरवर स्वेटर घालून जेवायला बसतो. किटलीत दोन कपांचं पाणी असलं आणि चहा एकालाच हवा असला, तर उरलेलं थर्मासमध्ये जातं. आणि हीच बाई हा जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवते. मी राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात तो बंद करायला गेलो होतो, तेव्हा तिने पटकन म्हटलं होतं, "राहू दे. तो सुरू व्हायला फार वेळ लावतो." मी राहू दिलं. नव्या माणसाने घरात आल्या आल्या बटणं दाबत सुटू नये, असं मला वाटलं होतं. तीन वर्षं मी राहू दिलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

मी कोनाड्यातल्या स्टुलावर बसलो आणि त्या घटकेला आत काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. माणसाने असल्या याद्या उघडू नयेत. स्क्रीनवर एकही खिडकी उघडी नव्हती, वर फक्त फ्रौकेच्या बागेतल्या ट्युलिपांचा फोटो, आणि खाली त्या ट्युलिपांच्या पाठीमागे भली मोठी वस्ती राबत होती. नावं तरी काय, अर्धी अक्षरं आणि अर्धे आकडे. एकेक नाव मी इंटरनेटवर टाकून शोधायला लागलो. एक आमच्या प्रिंटरचं निघालं, जो मागच्या वर्षी आम्ही देऊन टाकला, त्याला ते समजलेलं नव्हतं. एक घड्याळ बरोबर ठेवत होतं. एक नुसतं पाहत होतं की दुसऱ्या एका प्रोग्रामची नवी आवृत्ती आली का. प्रत्येक नावाबद्दल कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी माणसाने माझ्याआधीच घाबरून विचारलेलं होतं, हे काय आहे, हे माझ्या घरात कसं आलं, आणि दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलेलं होतं, निरुपद्रवी आहे, असू द्या. ते वाचताना मला बरं वाटत होतं. मग एक नाव आलं, तीन व्यंजनांचं, त्याबद्दल जगात कोणीच काही विचारलेलं नव्हतं. मी पुन्हा शोधलं. काही नाही. हे फक्त आमच्याच घरात होतं.

ते कुठून चालतंय ते पाहिलं, तर एक फोल्डर उघडलं, आणि त्या फोल्डरचं नाव होतं, 'फ्रौकेसाठी'.

आत दोनच गोष्टी होत्या. तो प्रोग्राम आणि आवाजाची एक छोटी फाइल. फाइल ऐकायला एक टिचकी पुरली असती. मी ती मारली नाही. दार वाजलं, फ्रौके आली, तिची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला आणि मी एखाद्या चोरासारखं सगळं बंद करून सुऱ्यांकडे परतलो. ती गालाला गाल लावून म्हणाली, "अंधारात का बसलायस?" दिवा तिनेच तर बंद करायला शिकवलेला. मी म्हणालो, "बिल वाचवतोय." ती हसली. आणि मी तिच्या हसण्यात फटी शोधायला लागलो.

मला लगेच राइंडर आठवला. आठवणारच. राइंडर गावच्या बर्फक्लबाचा, म्हणजे बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, साठी उलटलेला, बायको केव्हाच सोडून गेलेली, खांदे अजून रुंद, आणि कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असा त्याचा बोलबाला. आमच्याकडे कशाला ना कशाला येतो. प्रिंटर त्यानेच बसवला होता आणि काढूनही त्यानेच नेला होता. तो आला की ती दोघं त्यांच्या भाषेत बोलतात, जी मला अर्धीच समजते. या प्रांतात सगळ्यांना दोन भाषा येतात आणि मला एकच. ते माझ्याशी माझ्या भाषेत बोलतात, सभ्यपणे, पाहुण्याशी बोलावं तसं, आणि हसायचं असलं की आपल्या भाषेत जातात. आणि बिस्किटांचं. आमच्याकडे कॉफीबरोबर डबा उघडतात, एक बिस्किट घ्यायचं आणि झाकण लावायचं. मला तीन वर्षांत डबा दुसऱ्यांदा पुढे झालेला आठवत नाही. राइंडरपुढे होतो. यावर कोणी हसेल. मी स्वतःही हसलो असतो, बिस्किटं दुसऱ्याच्या घरातली असती तर.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "राइंडर आला नाही बऱ्याच दिवसांत."

"तो कशाला येईल? तुझं तोंड बघायला?" फ्रौके बटाटे कुस्करत म्हणाली. "तो आला की तू असा बसतोस, जसं काही कर वसूल करायला आलाय."

"मी कुठे काय करतो."

"काही करत नाहीस तेच म्हणते. निदान बोल तरी त्याच्याशी. बिचारा तुला घाबरतो."

बिचारा म्हणाली. मी तो शब्द जेवण होईपर्यंत चघळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच क्लबावर गेलो. क्लब म्हणजे गावाबाहेरचं एक कुरण, हिवाळ्यात त्यात पाणी सोडतात आणि ते गोठायची वाट पाहतात, आणि काठावर एक लाकडी टपरी, जिच्यात चॉकलेटचं दूध आणि वाटाण्याचं सूप विकतात, म्हणजे विकतील, पाणी गोठलं तर. बरेच हिवाळे ते गोठलेलं नाही. तरीही ही माणसं दर वर्षी पाणी सोडतात, बाकांना रंग देतात, सभा घेतात. मला हा सगळा प्रकार वेड्यांचा वाटतो, पण या गावात तसं म्हणायची सोय नाही. राइंडर टपरीत बाक रंगवत होता. मी जाऊन उभा राहिलो. हातात धरायला काही नव्हतं म्हणून मी खिशात हात घातले.

"काय रे दाक्षिणात्या," तो म्हणाला. "स्केट घालायला शिकायला आलास? पाणी अजून पातळ आहे."

"आमच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालू आहे," मी म्हणालो. "मागे. तू टाकलायस का?"

त्याने ब्रश डब्याच्या कडेला निथळवला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला लगेच समजलं होतं, आणि मी जे समजलो होतो तेही समजलं होतं. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"ते वीबेचं आहे," तो म्हणाला. "त्याला हात लावू नकोस, हार्मेन."

वीबे म्हणजे फ्रौकेचा नवरा. म्हणजे पहिला. सहा हिवाळ्यांपूर्वी वारला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्याबरोबर राहतो. स्वयंपाकघरात मी ज्या खुर्चीत बसतो ती त्याची. आमच्या संडासात, सगळ्यांच्या असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा आणि नावं, त्यामुळे ते कधी जुनं होत नाही आणि कोणी बदलत नाही. त्यावर मार्चात वीबेचं नाव आहे, त्याच्या स्वतःच्या अक्षरात, आणि त्याच्याखाली जी जागा उरली तिथे फ्रौकेने माझं लिहिलं आहे, कारण दुर्दैवाने मीही मार्चातलाच. रोज सकाळी दाराला कडी लावून मी बसतो आणि समोर आम्ही दोघं असतो, तो वर आणि मी खाली. राइंडरने मला बाकावर रंग नसलेल्या टोकाला बसवलं आणि सांगितलं. वीबे पाणी उपसण्याच्या केंद्रावर यंत्रं बघायचा. त्याने घरामागच्या कालव्यात एक तापमापक सोडला होता, त्याची तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती, आणि एक प्रोग्राम लिहिला होता जो रात्रंदिवस पाण्याची थंडी मोजतो आणि बर्फ किती जाड झाला असेल त्याचा हिशेब करतो. ठरावीक जाडी झाली की तो फ्रौकेला उठवतो. "बर्फ धरल्याचा झेंडा टपरीवर चढायची लोक वाट बघायचे," राइंडर म्हणाला, "आणि ती दोघं त्याच्या आधी कालव्यावर असायची. बर्फावर स्केटच्या पहिल्या रेघा त्यांच्या. दर वर्षी आम्ही शिव्या द्यायचो." हे सांगताना त्याचे डोळे चमकले. मला खिडकीच्या चौकटीतली ती करडी तार आठवली. मी तिला कालव्याकाठच्या छोट्या धक्क्यावरच्या दिव्याची तार समजत होतो. मी तिच्यावर एकदा रंगही मारला होता.

जिवंत माणसाशी मला झगडता आलं असतं. राइंडरच्या पोटावर चरबी आहे, तो जेवताना आवाज करतो, त्याच्यात खोट काढायला भरपूर जागा आहे. मेलेल्या माणसात खोट कुठून काढणार? घरी येताना सायकलवर वारा तोंडावर घेत मी मनातल्या मनात वीबेला म्हणत होतो, बाबा रे, फोटो ठेवलेस, खुर्ची ठेवलीस, बागेतलं सफरचंदाचं झाड ठेवलंस, तेवढ्यावर मी काही म्हटलं का? पण तू अजून कामावर आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिच्याशेजारी झोपतो तेव्हा तू खाली पाणी तपासत बसतोस. मी कुठल्या कुठल्या चर्चमधल्या पियानोंच्या तारा आवळून, कंबर धरून घरी येतो, तेव्हा तिच्यासाठी तू काहीतरी करतच असतोस, न थकता, न कुरकुरता. असला नवरा कुठल्या बाईला नको असेल?

फ्रौके पोहायला गेली होती. मी कोट न काढता स्टुलावर बसलो आणि ती फाइल ऐकली. आधी खोलीतली शांतता, कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज, मग तो. पुरुषाचा आवाज, थोडा नाकातला, हसू दाबलेलं. त्यांच्या भाषेत, पण एवढी मला येते. "फ्रौके, ऊठ. बर्फ पेलतोय." बस, एवढंच. यात प्रेमाचा शब्द कुठे होता? नव्हता. मी पुन्हा ऐकलं. तिच्या नावाचा दुसरा अर्धा भाग तो वर उचलत होता, पूर्ण स्वर नाही, त्याहून जरा कमी, पायरी चढताना पाय अर्धवट राहावा तेवढा, आणि मग 'ऊठ' खाली येऊन टेकत होता. मी तिला तीन वर्षं हाक मारतोय. माझ्या हाकेत तिचं नाव सरळ जातं, सपाट, आमच्याकडच्या रस्त्यांसारखं. माझं मलाच ऐकू आलं. मी पुन्हा पुन्हा ती फाइल लावली, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं, आणि मला त्या माणसाचा एवढा हेवा वाटला की मी त्याला तिथल्या तिथे बंद केलं. पुसून टाकलं नाही. तेवढी हिंमत नव्हती, किंवा तेवढा नीचपणा नव्हता, मला नक्की माहीत नाही. नुसतं थांबवलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तरी तो आपोआप उठणार नाही अशी तजवीज केली. पंखा मंद झाला. सूर खाली उतरला आणि तिथेच राहिला. मी कोट काढला आणि घर पहिल्यांदा माझं असल्यासारखा फिरलो, वरच्या खोल्यांमधून, उगाचच, दिवे लावत.

नाताळ पावसात गेला. नवीन वर्षही पावसात आलं. मला वाटायला लागलं होतं की बर्फ धरणार नाही, तिला कधी समजणार नाही, आणि आम्ही दोघं असेच म्हातारे होऊ. मी त्या दिवसांत फार चांगला वागत होतो. तिला आवडतात म्हणून वाफवलेले शिंपले केले, तिच्या तालमीच्या पियानोचा उतरलेला सूर फुकट लावून दिला. मग जानेवारीत वारा पूर्वेकडे फिरला. एका सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी गोठलं होतं, आणि गावाचा चेहराच बदलला. बेकरीत रांगेतली माणसं एकमेकांशी बोलायला लागली. टपालवाल्याने दारात थांबून मला विचारलं, "काय, कालचा थंडीचा आकडा ऐकलात का?" लोकांच्या माळ्यांवरून स्केट खाली आले, चाकूवाल्याकडे धार लावायला ढीग पडला. फ्रौकेच्या गालांवर असा रंग आला की मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागलो. तो रंग माझ्यामुळे कधी आला नव्हता.

आणि संध्याकाळी भांडी झाली की ती कोनाड्यात जाऊन बसायला लागली. दिवा लावत नसे. स्क्रीनच्या उजेडात तिचा चेहरा निळा दिसायचा. कीबोर्डवर हात ठेवलेले, पण टायपिंगचा आवाज नाही. मी बैठकीत वर्तमानपत्र धरून तिच्याकडे कान लावून बसायचो. ती त्याच्या हाकेची वाट बघत होती, दुसरं काय असणार. एखाद्या तरुण मुलीने फोनपाशी बसावं तशी. मला आतून गुदगुल्या झाल्या, हे लिहायला लाज वाटते, पण झाल्या. बस, म्हटलं, वाट बघ. तो येत नाही. आणि त्याच वेळी मला तिची इतकी दया यायची की उठून जावं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवावा. मी उठलो नाही. एकदा तिने तिथूनच विचारलं, "हार्मेन, तुला काही म्हणायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच. कशाहीबद्दल."

"नाही बुवा," मी म्हणालो आणि पान उलटलं. मग स्क्रीनचा उजेड गेला आणि ती वर झोपायला निघून गेली.

ज्या सकाळी बर्फाने धरलं ती मला आधी ऐकू आली. कालव्याच्या बाजूने एक लांब, खोल, ताणलेल्या तारेचा असतो तसा नाद आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. मोठ्या बर्फात असं होतं म्हणतात, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेजारी अंथरूण रिकामं होतं. खाली गेलो तर फ्रौके स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती, वीबेच्या खुर्चीत, म्हणजे माझ्या. टेबलावर स्केट. उजाडलेलं होतं, खिडकीतून कालवा पांढरा दिसत होता, त्यावर एकही रेघ नव्हती.

"तू बंद केलंस," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

"हो."

"कधी?"

"डिसेंबरात."

"मला थंडी पडली त्या पहिल्या दिवशीच दिसलं. म्हटलं सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल." ती स्केटची नाडी बोटाला गुंडाळत होती. "सांगितलं नाहीस."

"तू त्याची वाट बघत बसली होतीस," मी म्हणालो. माझा आवाज मला नको तितका चढला. "रोज संध्याकाळी. मला दिसत नव्हतं का? मी समोर बसलेलो, आणि तू एका मेलेल्या माणसाच्या हाकेची वाट बघत."

फ्रौकेने माझ्याकडे पाहिलं, एखाद्या मुलाने भलतंच काही तोंडात घातलं तर बघावं तसं.

"हाकेची वाट? अरे, ती हाक येऊ नये म्हणून मी केवढी धडपड केलीय. तो गेला त्याच हिवाळ्यात एकदा पहाटे ते ओरडलं. मी वर झोपलेली. तुला कल्पना आहे? मी जिन्यावरून धावत खाली आले, अनवाणी. खाली कोणी नाही. त्याच दिवशी मी आत जाऊन आकडा वाढवून ठेवला. एवढा वाढवला की इथे कोणाच्या आजोबांनी तेवढा जाड बर्फ पाहिला नसेल. म्हटलं, मोज तू खुशाल, पण बोलू नकोस."

"मग सरळ बंद का नाही केलंस?"

तिने नाडी सोडली. "दवाखान्यात त्यांनी मला विचारलं होतं, त्याचं यंत्र बंद करायचं का. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. बरोबरच होतं ते, सगळे म्हणतात. पण एकाच माणसाला दोनदा बंद करायला मला जमलं नाही, हार्मेन."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्ची तिच्याखाली होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. नळाखाली एक कप होता, त्याच्यावर थेंब पडत होता.

"संध्याकाळी मी कशाला बसायचे सांगू?" ती म्हणाली. "चालू करू की नको, यासाठी. तू केलंस याचा मला राग आला होता. आणि बरंही वाटलं होतं, त्याचा जास्त राग आला. बोट ठेवून बसायचे आणि उठून जायचे."

मी माफी मागितली. ती शब्दांनी मागतात तशी मागितली, आणि ती तिच्यापर्यंत पोहोचली असं मला वाटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू ऐकलंस ना ते?"

"ऐकलं."

"मला शब्द आठवतात. चाल आठवत नाही आता. तो गेल्यावर एकदाच ऐकलं ना, आणि तेही भीतीत. त्याआधी ऐकायचे ते अर्धवट झोपेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला तर कान आहे. कसं म्हणतो तो?"

जगात मला जे एक काम करायचं नव्हतं ते तिने मला सांगितलं. मी म्हणू शकलो असतो, मग जाऊन ऐक की, फाइल तिथेच आहे. तिलाही ते ठाऊक होतं. ती तिकडे जायला तयार नव्हती, आणि माझ्याकडे मागत होती. मी तीन वर्षं तिच्यासमोर तिची भाषा बोललो नव्हतो, हसतील म्हणून. घसा साफ केला. तिचं नाव घेतलं, पहिला भाग सपाट आणि दुसरा वर, पूर्ण स्वर नाही, त्याहून जरा कमी. आणि मग खाली. "फ्रौके, ऊठ. बर्फ पेलतोय." हसू दाबलेलं सुद्धा आलं, कसं आलं ठाऊक नाही. सूर तंतोतंत होता. असलं काम मला येतं.

तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडेल. मला वाटलं आता ती माझ्यात त्याला बघेल, आणि मला पुन्हा तोच हेवा वाटला, माझ्याच आवाजाचा. पण ती उठली. सांगितलं म्हणून माणूस उठतो तशी उठली, स्केट खांद्यावर टाकले, आणि दारापाशी जाऊन म्हणाली, "ती खुर्ची घे."

"कुठली?"

"तीच. तुला धरायला लागेल काहीतरी. इथे सगळी पोरं खुर्ची ढकलत शिकतात."

मी माझी, त्याची, ती स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन बागेतून धक्क्यावर गेलो. तिने मला तिच्या भावाचे जुने स्केट बांधून दिले, नाड्या इतक्या आवळल्या की घोटे सुन्न झाले. काठावर ती करडी तार बर्फात शिरत होती, माझ्या रंगासकट. फ्रौके पुढे गेली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. हात पाठीमागे बांधलेले, कमरेत वाकलेली, एक पाय, दुसरा पाय, कोणी ढकलत असल्यासारखी, आणि तिच्यामागे कोऱ्या बर्फावर दोन रेघा. त्या रेघांच्या बाजूला दुसऱ्या दोन रेघा असायच्या, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी खुर्चीच्या पाठीला धरून म्हाताऱ्या बाईसारखा इंच इंच सरकत होतो. पुलावर राइंडर उभा होता, झेंडा लावायला निघालेला, काखेत काठी.

"दाक्षिणात्या," तो ओरडला, "ती वीबेची खुर्ची रे."

"माहीत आहे," मी ओरडलो.

त्याने टोपीला हात लावला आणि आपली काठी घेऊन पुढे गेला. फ्रौके लांबच्या वळणापर्यंत जाऊन परत आली. नाक लाल, श्वास वाफेचा, डोळ्यांत थंडीने पाणी, थंडीनेच असेल. माझ्यासमोर येऊन थांबली आणि वळून सरळ त्या खुर्चीत बसली, माझ्याकडे पाठ करून.

"ढकल."

मी खाली बघितलं. बर्फ काळा होता, आत पांढऱ्या बुडबुड्यांच्या माळा होत्या, आणि त्याखाली पाणी किती खोल आहे ते मला नेमकं ठाऊक होतं. "दोघांना पेलेल का?"

"मला काय माहीत. किती जाड झालाय?"

"मोजणाऱ्याला मी बंद केलंय," मी म्हणालो.

तिचे खांदे हलले. हसली की काय झालं ते मला पाठीमागून समजेना. "मग घरी गेल्यावर चालू कर त्याला," ती म्हणाली. "आणि आकडा खरा घाल. आता ओरडला तर ओरडू दे. शेजारी तू असशील."

ज्या माणसाला मी गळा दाबून बसवला होता त्याला माझ्याच हाताने उठवायचं, आणि मग दर हिवाळ्यात, एखाद्या पहाटे, माझ्या अंथरुणात झोपलेल्या बाईला त्याने माझ्यापेक्षा चांगली हाक मारायची, आणि मी ती ऐकायची, सुरासकट. मला हेवा वाटला. तिथे, त्या क्षणीही वाटला. मी म्हणालो, "घालतो," आणि खुर्ची ढकलली. पायाखालून तो लांब नाद एकदा निघून गेला, आणि बर्फ तसाच राहिला.